अतिचंचल मुलांचा गुन्हा काय?

प्रत्येक वर्गात असे एखादे मूल असतेच. पायाला भिंगरी बांधल्यासारखे ते फिरत असते. बाकावर बसवले तरी त्याचे हातपाय स्वस्थ नसतात. गुरुजींचा प्रश्न पुरा होण्याआधीच त्याचे उत्तर तोंडातून बाहेर पडलेले असते. आठवड्याला दोन पेन्सिली आणि एक पाण्याची बाटली हरवते, वही अर्धवट राहते, सुरू केलेले काम तडीस जात नाही. अशा मुलासाठी आपल्या भाषेत शब्दांची कमतरता नाही. अवखळ, द्वाड, मस्तीखोर, वाह्यात, उनाड, मवाली! शब्द जसजसा कडक होत जातो, तसतसे मूल वर्गाच्या दाराकडे सरकत जाते आणि एके दिवशी दाराबाहेर पडते. यांपैकी कोणता शब्द कोणाच्या वाट्याला येणार, हे केवळ मुलाच्या वागण्यावर ठरत नाही. ते मूल कोणत्या घरातून आले आहे, यावरही ते ठरते. बंगल्यातल्या मुलाचा अवखळपणा ही हुशारीची खूण मानली जाते. वस्तीतल्या मुलाचे तेच वागणे म्हणजे मात्र ‘यांच्यात असेच असते’!

वैद्यकशास्त्र या अवस्थेला ए.डी.एच.डी. म्हणते. मराठीत तिला अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार असे म्हणता येईल. लक्ष एका जागी न टिकणे, सतत हालचाल करणे आणि विचार करण्याआधीच कृती करणे, ही त्याची तीन प्रमुख लक्षणे होत. या विकाराविषयी समाजात दोन टोकाची मते आहेत. एक मत म्हणते की, असा काही आजारच नाही. चार फटके दिले की मूल ताळ्यावर येते, बाकी सगळा औषध कंपन्यांचा धंदा आहे. दुसरे मत म्हणते की, मूल चंचल दिसले की डॉक्टरकडे न्या आणि गोळी सुरू करा. ही दोन्ही मते पुराव्याच्या कसोटीवर तपासली पाहिजेत. वकिली व्यवसायात आरोपी दिसायला कसा आहे यावरून निकाल लागत नाही, पुरावा काय आहे हे पाहावे लागते. या विषयात तर सव्वाशे वर्षांचा पुरावा उपलब्ध आहे. तो आपल्या आईबापांपर्यंत आणि शिक्षकांपर्यंत पोहोचलेला नाही, हीच खरी अडचण आहे.

नीतीच्या भाषेत जन्मलेला आजार

मार्च १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये डॉ. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी काही व्याख्याने दिली. ती त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. बुद्धीने सामान्य असूनही ज्यांना स्वतःला आवरता येत नाही, शिक्षेचा ज्यांच्यावर काहीही परिणाम होत नाही, अशा मुलांचे वर्णन त्यांनी केले. निरीक्षण अचूक होते. परंतु त्या अवस्थेला त्यांनी नाव दिले ‘नैतिक नियंत्रणातील दोष’! म्हणजे आजार ओळखला गेला तो नीतीच्या भाषेत. पुढे १९१७ नंतर युरोप-अमेरिकेत मेंदूज्वराची एक विलक्षण साथ पसरली. तिच्यातून वाचलेली अनेक मुले अस्वस्थ, चंचल आणि अनावर झाली. कालपर्यंत शहाण्यासारखे वागणारे मूल तापातून उठल्यावर असे का वागते, या प्रश्नाचे उत्तर नीतीत सापडणे शक्य नव्हते. मेंदूला इजा झाली की वागणे बदलते, हा धडा त्या साथीने दिला.

त्यानंतरची घटना योगायोगाची आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात ईस्ट प्रॉव्हिडन्स येथे मनोविकारग्रस्त मुलांसाठी एक रुग्णालय होते. तेथे डॉ. चार्ल्स ब्रॅडली काम करीत. मेंदूचे क्ष-किरण चित्र काढण्यासाठी त्या काळी पाठीच्या कण्यातील द्रव काढून त्या जागी हवा भरत असत. त्यामुळे मुलांची डोकी भयंकर दुखत. त्यावर उपाय म्हणून ब्रॅडली यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीत फारसा फरक पडला नाही. पण मुले अभ्यासात लक्ष घालू लागल्याचे शिक्षकांनी सांगितले. मग त्यांनी ५ ते १४ वयोगटातील ३० मुलांना आठवडाभर ते औषध दिले. त्यातील १४ मुलांच्या शाळेतील कामात ठळक सुधारणा दिसली. मुलेच त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणू लागली. हे निष्कर्ष १९३७ साली प्रसिद्ध झाले. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत होते, हे कोडे तेव्हापासून शास्त्रज्ञांपुढे आहे.

१९४४ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ लिआंद्रो पानिझॉन यांनी मेथिलफेनिडेट हे रसायन तयार केले. पत्नीच्या ‘रिता’ या लाडक्या नावावरून त्याचे व्यापारी नाव पडले रिटालिन. १९५० च्या दशकाच्या मध्यावर ते बाजारात आले आणि आज जगभर या विकारावर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी ते एक आहे. मेंदूच्या पुढच्या भागात लक्ष टिकवणे, थांबणे आणि आवरणे ही कामे चालतात. त्यासाठी डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायने लागतात. ती पेशींमध्ये परत शोषली जाण्याचा वेग हे औषध कमी करते, त्यामुळे ती अधिक काळ काम करतात. गाडीचे ब्रेक नीट लागावेत म्हणून ब्रेकमध्ये तेल घालावे, तसा हा प्रकार. गाडीला वेग देणे आणि ब्रेकला बळ देणे यात फरक आहे, एवढे समजले की ‘उत्तेजक औषधाने मूल शांत कसे?’ हे कोडे बरेचसे सुटते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १९७८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी अशाच प्रकारचे उत्तेजक औषध कोणताही विकार नसलेल्या १४ मुलग्यांना देऊन पाहिले. त्यांचेही लक्ष सुधारले आणि हालचाल कमी झाली! याचा अर्थ स्पष्ट आहे. ‘गोळीने फरक पडला, म्हणजे आजार होताच’ हा युक्तिवाद टिकत नाही. निदान आधी, गोळी नंतर. गोळी देऊन निदान करणे म्हणजे शिक्षा देऊन गुन्हा सिद्ध करण्यासारखे आहे.

आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करता?

मूल चंचल असले की सर्वांत आधी दोष येतो तो आईवर. लाडावून ठेवले, वळण लावले नाही, कामाला जाते म्हणून लक्ष नाही, गोड फार खायला दिले. संशोधन काय सांगते? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या विकारातील आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के निघाला आहे. उंचीच्या आनुवंशिकतेच्या तो जवळ जातो. २०१९ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये २०,००० हून अधिक रुग्णांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात गुणसूत्रांवरील १२ जागांचा संबंध आढळला. २०२३ मध्ये ही संख्या २७ झाली. एकच एक ‘चंचलतेचे जनुक’ नाही. हजारो जनुकांचे छोटे छोटे परिणाम मिळून प्रवृत्ती तयार होते.

मेंदूच्या वाढीचा पुरावा तर अधिक बोलका आहे. २००७ साली डॉ. फिलिप शॉ यांच्या गटाने या विकाराच्या २२३ मुलांची आणि विकार नसलेल्या २२३ मुलांची मेंदूची चित्रे तुलनेसाठी घेतली. मेंदूच्या बाह्य थराची जाडी कमाल पातळीला पोहोचण्याचे मध्यक वय इतर मुलांत सुमारे साडेसात वर्षे, तर या मुलांत साडेदहा वर्षे होते. वाढीचा क्रम तोच. गाडी फक्त सुमारे ३ वर्षे उशिरा धावत होती. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाकडून आपण दहा वर्षांच्या आवरशक्तीची अपेक्षा धरतो, तेव्हा त्याच्याकडे कदाचित सात वर्षांच्या मुलाची आवरशक्ती असते. त्याला छडी मारून त्याचा मेंदू तीन वर्षे पुढे ढकलता येईल काय?

गोड खाल्ल्याने मूल उड्या मारते, ही समजूत जगभर आहे. १९९४ आणि १९९५ साली डॉ. मार्क वोलरेच आणि सहकाऱ्यांनी तिची तपासणी केली. पालकांना आणि मुलांना पत्ता न लागू देता साखर आणि कृत्रिम गोडी देऊन केलेल्या चाचण्यांत वागण्यात फरक आढळला नाही. कृत्रिम रंगांची गोष्ट मात्र वेगळी आहे. २००७ साली इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात काही खाद्यरंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने सामान्य मुलांतही चंचलता थोडी वाढल्याचे दिसले. त्यानंतर युरोपीय संघाने जुलै २०१० पासून अशा ६ रंगांच्या पदार्थांवर इशारा छापणे सक्तीचे केले. शाळेबाहेरच्या टपरीवरील लालभडक आणि पिवळ्याधमक गोळ्या विकत घेणाऱ्या आपल्या मुलांसाठी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

याखेरीज जन्मतःच वजन कमी असणे, दिवस भरण्याआधी जन्म होणे, गरोदरपणी तंबाखू आणि दारू यांचा संपर्क, आणि शरीरात गेलेले शिसे, यांचा या विकाराशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. शिसे कोठून येते? जुन्या रंगांच्या पोपड्यांतून, बॅटऱ्या फोडण्याच्या धंद्यातून, भंगाराच्या कामातून. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. परंतु भंगाराच्या ढिगाशेजारी जे मूल वाढते, त्याच्या रक्तातील शिसे कोण मोजतो? लोहाच्या कमतरतेनेही मूल चिडचिडे होते, त्याचे लक्ष टिकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६७.१ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. तेव्हा मुलावर शिक्का मारण्यापूर्वी त्याचे रक्त, कान, डोळे आणि झोप तपासली पाहिजे. ऐकूच येत नसलेले मूलही ‘लक्ष देत नाही’ असेच दिसते.

गोळी की वळण?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली. एम.टी.ए. या नावाने ती ओळखली जाते. ७ ते ९ वर्षे वयाच्या ५७९ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट केले. पहिल्या गटाला काळजीपूर्वक मात्रा ठरवून, दरमहा तपासून औषध दिले. दुसऱ्याला केवळ वर्तनोपचार, म्हणजे पालकांचे प्रशिक्षण, वर्गात मदतनीस आणि उन्हाळी शिबिर. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्या गटाला नेहमीच्या डॉक्टरांवर सोडले. १४ महिन्यांनंतरचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये आले. चंचलता आणि लक्ष या मूळ लक्षणांत औषध घेणारे पहिला आणि तिसरा हे दोन्ही गट पुढे होते. दोन्ही उपचार मिळालेल्या मुलांना औषधाची मात्रा कमी लागली.

औषध कंपन्यांना हा निकाल गोड वाटला, यात नवल नाही. पण दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली अशी की, चौथ्या गटातील सुमारे दोनतृतीयांश मुलांनाही औषधच मिळत होते, तरीही ती मागे राहिली. फरक गोळीचा नव्हता, देखरेखीचा होता. दुसरी गोष्ट अशी की, ३ वर्षांनंतरची पाहणी २००७ साली आली, तेव्हा चारही गटांतील फरक मावळलेला होता आणि सतत औषध घेणारी मुले औषध न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २ सेंटिमीटरने ठेंगणी राहिली होती. औषधाने भूक आणि झोप कमी होते, नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो. २०१८ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त १३३ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण आले. अल्प मुदतीत लहान मुलांसाठी मेथिलफेनिडेट हे परिणाम आणि सुसह्यता या दोन्ही दृष्टींनी सर्वांत योग्य, असे त्यात म्हटले आहे. उलट पक्षी, कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या परीक्षणाने याच औषधावरील चाचण्यांचा दर्जा कमी असल्याचे नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१९ आणि २०२१ मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेण्यास नकार दिला. सारांश असा की, औषध काम करते. पण ते थोड्या मुदतीचे, देखरेखीखालचे साधन आहे. शाळा, घर आणि वळण यांची जागा ते घेऊ शकत नाही. ६ वर्षांखालील मुलांना तर आधी पालकांचे प्रशिक्षण द्यावे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेच मार्गदर्शन आहे.

अतिरेक आणि उपेक्षा

औषधाचा अतिरेक होत नाही काय? होतो. जून १९७० मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने ओमाहा शहरातील ६२,००० शाळकरी मुलांपैकी ५ ते १० टक्के मुलांना वागणे सुधारण्याची औषधे दिली जात असल्याचे वृत्त दिले. आकड्यावर पुढे वाद झाला, पण त्या वृत्तामुळे अमेरिकी संसदेत सुनावणी झाली. मूल वर्गात राहावे म्हणून पालकांवर गोळीची सक्ती होते काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. आज अमेरिकेत ३ ते १७ वयोगटातील ११.४ टक्के मुलांना कधी ना कधी हे निदान मिळाल्याचे २०२२ च्या पाहणीत दिसले. जगभरातील १०२ अभ्यासांची बेरीज करून २००७ साली काढलेले सरासरी प्रमाण मात्र ५.२९ टक्के आहे. दुप्पट निदान कोठून येते? एक उत्तर २०१८ च्या एका अभ्यासात मिळते. अमेरिकेतील अनेक राज्यांत शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबर ही तारीख धरतात. ऑगस्टमध्ये जन्मलेली, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेली मुले आणि सप्टेंबरमध्ये जन्मलेली, म्हणजे सर्वांत मोठी मुले यांची तुलना केली तेव्हा ऑगस्टच्या मुलांत हे निदान ३४ टक्क्यांनी जास्त निघाले. मूल आजारी नव्हते. ते फक्त लहान होते! आपल्याकडेही वय वाढवून शाळेत घालण्याची रीत आहे. पाच वर्षांच्या लेकराला पहिलीच्या वर्गात कोंबायचे आणि ते चंचल आहे म्हणून ओरडायचे, हा न्याय नव्हे.

नाण्याची दुसरी बाजू अधिक भीषण आहे. २०१३ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील मुलांचा बालवाडीपासून आठवीपर्यंत माग घेणारा अभ्यास आला. वागणे आणि घरची परिस्थिती सारखी धरल्यावरही काळ्या मुलांना हे निदान मिळण्याची शक्यता गोऱ्या मुलांपेक्षा ६९ टक्क्यांनी कमी होती. हिस्पॅनिक मुलांत ती ५० टक्क्यांनी कमी होती. तेच वागणे गोऱ्या मुलाचे असेल तर आजार, काळ्या मुलाचे असेल तर उद्दामपणा! एकाला दवाखाना, दुसऱ्याला निलंबन आणि पुढे तुरुंग. हे वाचताना आपल्या शाळांची आठवण येत नसेल, तर आपण आपल्या शाळा पाहिलेल्याच नाहीत. आमच्या वस्त्यांतील किती मुलांना ‘अभ्यासात रस नाही’ असा शेरा मारून मागच्या बाकावर बसवले गेले, त्यांची गणती कोणत्याही अभ्यासात नाही.

तुरुंग हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. २०१५ साली विविध देशांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा कोठडीत असलेल्या अल्पवयीन मुलांत या विकाराचे प्रमाण सुमारे ३० टक्के आढळले. सर्वसाधारण मुलांशी तुलना केली तर हे कित्येक पटींनी जास्त आहे. २०१२ साली स्वीडनमध्ये या विकाराच्या २५,६५६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. औषधोपचार चालू असलेल्या काळात त्याच पुरुषांच्या हातून घडणारे गुन्हे ३२ टक्क्यांनी आणि स्त्रियांच्या हातून घडणारे ४१ टक्क्यांनी कमी होते. डेन्मार्कमधील २०१५ च्या अभ्यासात या विकाराच्या व्यक्तींचा मृत्युदर इतरांच्या सुमारे दुप्पट आढळला आणि त्याचे मोठे कारण अपघात हे होते. म्हणजे प्रश्न केवळ गुणपत्रिकेचा नाही, तो मुलाच्या जिवाचा आणि स्वातंत्र्याचा आहे. मात्र या आकड्यांचा उलटा अर्थ कोणी लावू नये. या विकाराची बहुसंख्य मुले गुन्ह्याकडे वळत नाहीत. वेळीच हात न दिल्यास वाट किती निसरडी होते, एवढेच हे आकडे सांगतात.

आणि मुली? त्या बाकावरून उठत नाहीत, खिडकीबाहेर पाहत बसतात. त्यांचे लक्ष उडते, पण गोंधळ होत नाही. म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. ‘मुलगी आहे, जेमतेम शिकली तरी पुरे’ म्हणून त्या सातवी-आठवीत घरी बसतात.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात याविषयी संशोधन झाले आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कोइमतूरच्या अभ्यासात ७७० प्राथमिक विद्यार्थ्यांपैकी ११.३२ टक्के मुलांत हा विकार आढळला आणि कनिष्ठ आर्थिक स्तरात त्याचे प्रमाण मध्यम स्तरापेक्षा जास्त होते. म्हणजे ज्या घरात डॉक्टरची फी देण्याची ताकद सर्वांत कमी, तेथेच गरज सर्वांत जास्त. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत मोफत तपासणी आणि गरज पडल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत उपचार, अशी ही योजना आहे. तिच्या आजारांच्या यादीत अतिचंचलता विकाराचा समावेश आहे. किती पालकांना हे माहीत आहे?

मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे यास मनाई आहे. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नापास करण्याविषयी २०१९ साली दुरुस्ती झाली, परंतु काढून टाकण्याची मनाई कायम आहे. मग मुले बाहेर पडतात कशी? वकील म्हणून माझ्या पाहण्यात आलेला मार्ग साधा आहे. शाळा मुलाला काढत नाही. पालकांना बोलावून ‘आम्ही स्वखुशीने दाखला काढत आहोत’ असा अर्ज लिहून घेते. रोजंदारी बुडवून चौथ्यांदा शाळेत आलेला बाप त्यावर अंगठा उठवतो आणि कागदोपत्री सारे कायदेशीर होते. असा अर्ज देऊ नका. शाळा काढा म्हणते, तर ते तिच्याकडून लेखी मागा. लेखी मागितले की बहुतेक वेळा तो विषय तेथेच थांबतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, व्यक्तीच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवरून किंवा समूहावरून, अथवा ती समाजाच्या रूढ मूल्यांनुसार वागत नाही यावरून मानसिक आजार ठरवता येणार नाही. कलम १८ शासकीय यंत्रणेकडून परवडणारे मानसिक उपचार मिळण्याचा हक्क देते. पहिले कलम अतिरेकावर लगाम आहे, दुसरे उपेक्षेवर. त्रुटी आहे ती दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये. त्याच्या २१ प्रकारांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, पण अतिचंचलता विकाराचे स्वतंत्र नाव नाही. म्हणून परीक्षेतील जादा वेळेसारख्या सवलती मागताना या मुलांची अडचण होते. ही दुरुस्ती मागितली पाहिजे. मेथिलफेनिडेट हे औषध औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टात आणि अमली पदार्थविरोधी कायद्याच्या सूचीत आहे. दुहेरी चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही. गैरवापर रोखण्यासाठी हे योग्यच. मात्र तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञही नाही आणि ते औषध ठेवणारा दुकानदारही नाही, तेव्हा गरिबासाठी नियमन आणि नकार यात फरक उरत नाही.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, निदानाची घाई नको आणि टाळाटाळही नको. लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून, सहा महिन्यांहून अधिक काळ, घरी आणि शाळेत अशा दोन्ही ठिकाणी दिसली पाहिजेत आणि त्यामुळे मुलाचे नुकसान होत असले पाहिजे. केवळ शाळेत चंचल आणि घरी शांत असेल, तर दोष वर्गात शोधा. पाच मिनिटांत निदान करून गोळी लिहिणारा डॉक्टर बदला.

दुसरी गोष्ट, ताईत, गंडे-दोरे, अंगारे आणि ‘बाहेरचे आहे’ म्हणून मारझोड करणारे भगत यांच्या दारात जाऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. इंग्रजी नावाचे गंडेदोरेही तितकेच टाळा. डोळ्यांवर पट्टी बांधून मेंदू जागृत करणारे वर्ग आणि हजारो रुपये घेणारी यंत्रे यांचा ठोस फायदा काटेकोर चाचण्यांत दिसलेला नाही.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. या मुलाला पुढच्या बाकावर बसवा. एका वेळी एकच सूचना द्या. मोठे काम तुकड्यांत द्या. फळा पुसणे, वह्या वाटणे, पाणी आणणे अशी हालचालीची कामे त्यालाच सांगा. चांगले वागले की लगेच, त्याच क्षणी शाबासकी द्या. या मुलांना महिनाअखेरच्या बक्षिसाचा उपयोग नसतो. मधल्या सुट्टीत वर्गात कोंडण्याची शिक्षा तर कधीच देऊ नका, कारण नेमकी तीच हालचाल त्याला हवी असते. अर्थात ६० मुलांच्या वर्गात एका शिक्षकाकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. प्राथमिक वर्गात ३० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक हे प्रमाण कायद्यात लिहिलेले आहे. ते मागणे हासुद्धा या आजारावरचा उपचारच आहे.

चौथी गोष्ट आपल्या संस्था, महिला मंडळे आणि युवक मंडळे यांच्यासाठी. वह्यावाटपाचे कार्यक्रम आपण दरवर्षी करतो, ते चालू राहोत. पण त्या वह्या घेणारी किती मुले पुढच्या जूनमध्ये शाळेत असतात, याची यादी करा. गळलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन कारण विचारा. ‘त्याचे डोकेच चालत नाही’ असे उत्तर मिळाले, तर त्याला शासकीय रुग्णालयात घेऊन जा आणि तपासणीची लेखी मागणी करा. बाल स्वास्थ्य पथक आपल्या शाळेत या वर्षी आले होते काय, हे माहिती अधिकारात विचारा.

मेंदूची गाडी तीन वर्षे उशिरा धावणे हा गुन्हा नाही. ती गाडी स्थानकात येण्याआधीच फाटक बंद करणे हा मात्र गुन्हा आहे. ज्या मुलाला आज आपण वाह्यात म्हणून हाकलतो, त्याच्या पायातली भिंगरी उद्या त्याला कोठे नेईल हे बरेचसे आपल्यावर अवलंबून आहे. त्याला शिव्या देणारे पुष्कळ आहेत. त्याची बाजू मांडणारा कोणीतरी हवा आहे, आणि तो त्याच्या वस्तीतूनच उभा राहिला पाहिजे.